चमकीच्या शाया: आधी रंग बघा, मग चमक

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकते. एकच शिमर शाई, म्हणजे चमकी घातलेली फाउंटन पेनची शाई, घ्यायची आणि ती रोज वापरायची असेल तर डायमीनची स्पार्कलिंग शॅडोज. पैसे जरा जास्त घालवायची तयारी असेल आणि पेन धुवायचा कंटाळा नसेल तर हर्बिनची एमराल्ड ऑफ शिवोर. आणि फोटो बघून पिवळ्या सोनेरी शाईच्या प्रेमात पडला असाल तर ऑर्डर टाकायच्या आधी खाली तिच्याबद्दल लिहिलंय तेवढं वाचा.

आता सविस्तर. माझ्याकडे शिमर शाया बघून प्रत्येकजण पहिला प्रश्न विचारतो तो म्हणजे यातली सगळ्यात जास्त चमकते कोणती. मला हा प्रश्न अर्धवट वाटतो. या शाईत दोन वेगळ्या गोष्टी असतात, एक पाण्यात विरघळलेला रंग आणि दुसरी त्यात नुसती तरंगणारी चमकी, आणि आपण वही समोर धरून ट्यूबलाइटखाली वाचतो तेव्हा चमकी फारशी दिसतच नाही, दिसतो तो खालचा रंग. चमक दिसते कधी, तर पान जरा तिरकं केलं की, किंवा सकाळी खिडकीतून ऊन आडवं आलं की, नाहीतर टेबललॅम्प बाजूने पडला की. म्हणजे बहुतेक वेळ तुम्ही शिमर नसलेलीच शाई वाचत असता! त्यामुळे माझी कसोटी साधी आहे, बाटली न हलवता वरची निवळ शाई टाकाने उचलायची, एक ओळ लिहायची आणि हा नुसता रंग आपण विकत घेतला असता का ते बघायचं. उत्तर नाही असेल तर ती बाटली चार दिवसांची हौस आहे.

चमकी म्हणजे काय असतं तेही सांगते कारण पुढच्या सगळ्या भानगडी त्यातूनच येतात. ते मुख्यतः अभ्रक असतं, हो तेच आपल्या भूगोलाच्या पुस्तकातलं झारखंडच्या कोडरमाचं वगैरे अभ्रक (आता या बाटल्यांमधलं कुठून येतं ते कंपन्यांनाच माहीत). त्याचे अतिशय बारीक पापुद्रे करतात आणि त्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर चढवतात, थराची जाडी बदलली की परत येणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलतो, त्यामुळे चंदेरी, निळसर, गुलाबी अशा छटा मिळतात, आणि सोनेरी किंवा तांब्याची झाक हवी असेल तर आयर्न ऑक्साइड वापरतात. हे पापुद्रे विरघळत नाहीत आणि पाण्यापेक्षा जड असतात, म्हणून बाटली ठेवली की तळाशी बसणारच. खाली गाळ दिसतोय, शाई खराब निघाली, परत करू का, असं विचारणाऱ्यांनो, ती खराब नाहीये, तिचा स्वभावच तो आहे. फक्त बाटली खसाखसा हलवू नका, फेस होतो आणि मग पेनात शाईऐवजी बुडबुडे भरले जातात. दोन्ही तळहातात धरून गोल फिरवा, दोनतीनदा हळू उलटी करा, तळाची सगळी चमकी वर आली की लगेच भरा.

आणि शिमर म्हणजे शीन नव्हे, हे दोन्ही लोक सारखे एकात एक करतात. शीनमध्ये कण वगैरे काही नसतात, रंगच इतका दाट असतो की कागदावर वाळताना वर साचतो आणि तिरक्या प्रकाशात वेगळा दिसतो, निळ्यावर लालसर, हिरव्यावर लालसर असं. ऑर्गॅनिक्स स्टुडिओची नायट्रोजन हे त्याचं टोकाचं उदाहरण, आठवड्यानेही बोट फिरवलं तरी बोट निळं. आपल्याकडे केरळात पालक्काडला बनणाऱ्या कृष्णाच्या शायाही शीनसाठी नावाजलेल्या आहेत आणि परदेशातले लोक त्या हौसेने मागवतात. काही शायांमध्ये शीन आणि शिमर दोन्ही असतात, त्यातली सगळ्यात गाजलेली शिवोर, तिच्याकडे येतेच.

थोडा इतिहास, पटकन. हर्बिन ही फ्रेंच कंपनी, स्थापना १६७०, म्हणजे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या चार वर्षं आधी, हे मला उगाचच फार आवडतं. २०१० मध्ये ३४० वर्षं झाली म्हणून त्यांनी १६७० नावाची खास मालिका काढली, पहिली रूज हेमाटाइट, मग २०१२ मध्ये ब्लू ओशन. या दोघी सुरुवातीला चमकीशिवायच होत्या. २०१४ मध्ये स्टॉर्मी ग्रे आली, करड्या शाईत सोन्याचे कण, आणि तिथून हे खूळ खऱ्या अर्थाने सुरू झालं, इतकं की मग आधीच्या दोघींमध्येही सोनेरी चमकी घालून त्या परत काढल्या. २०१५ मध्ये एमराल्ड ऑफ शिवोर, २०१६ मध्ये कारूब द शिप्र नावाची चॉकलेटी. दुसरीकडे डायमीन, १८६४ मध्ये लंडनला सुरू झालेली आणि १९२५ पासून लिव्हरपूलला असलेली कंपनी, त्यांनी २०१५ मध्ये शिमरटास्टिक नावाने एकदम दहा रंग बाजारात उतरवले आणि किंमत आवाक्यात ठेवली. माझ्या मते ही फॅशन हर्बिनने आणली आणि सामान्य माणसाच्या टेबलावर डायमीनने पोचवली. आपली कॅमलिन, दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईत सुरू केलेली, तिची रॉयल ब्लू शाळेत ज्यांनी वापरली त्यांना शाईच्या एका बाटलीला इतके पैसे देणं अजूनही पचत नाही, माझ्या आईला तर अजिबातच नाही, तिला मी खरी किंमत सांगतच नाही.

बघितलं कशावर ते सांगते. काचेचा टाक, १.१ मिलीमीटरच्या स्टबची, म्हणजे टोक सपाट कापलेल्या निबची लॅमी सफारी, मीडियम निबची ट्विस्बी इको, आणि एक जाड निबचं एबोनाइटचं (कडक रबराचं) ड्रॉपरने भरायचं देशी पेन. कागद म्हणजे रोडियाचा ८० जीएसएम, ५२ जीएसएमचा तोमोए रिव्हर (आता तो सान्झेन कंपनी बनवते), आणि घरातला झेरॉक्सचा साधा कागद, कारण शेवटी आपण त्यावरच लिहितो. झेरॉक्सच्या कागदावर कुठल्याच शिमर शाईकडून फार अपेक्षा ठेवू नका, शाई आत शोषली जाते, रेघ पसरते, चमकी विखुरते. पावसाळ्यात तर अजून वाईट, कागद हवेतलं पाणी पिऊन बसलेला असतो, मुंबई-कोकणातल्यांना वेगळं सांगायला नको. रोडियावर छान दिसते. तोमोए रिव्हरवर जी दिसते ती बघून मात्र माणूस काम सोडून पान हलवत बसतो.

करड्यापासून सुरुवात करते कारण तो माझा आवडता. स्पार्कलिंग शॅडोज म्हणजे गडद करडा, थोडा उबदार, त्यात सोनेरी चमकी. नुसता रंगही ऑफिसात चालेल असा गंभीर, वाचायला स्वच्छ, जाड रेघेत कुठे फिका कुठे गडद असा छान चढउतार दाखवतो, आणि मीटिंगमध्ये वही जरा कलली की सोनं चमकून जातं. शेजारच्याला आधी कळत नाही काय दिसलं ते, तो परत बघतो, तोपर्यंत गायब. याहून जास्त काय पाहिजे. हर्बिनची स्टॉर्मी ग्रे हिची थोरली बहीण म्हणता येईल, रंग आणखी गडद, जवळजवळ काळ्याकडे, आणि चमकी सढळ हाताने घातलेली. शेजारी शेजारी ठेवली तर स्टॉर्मी ग्रे जास्त श्रीमंत दिसते, यात वादच नाही. पण ती भरली की ते पेन रोज हातात घ्यावं लागतं, आणि एवढ्या फरकासाठी तेवढे जास्त पैसे मी दुसऱ्यांदा देणार नाही. स्पार्कलिंग शॅडोजची बाटली संपली तर मात्र दुसरी आणेन, शिमर शायांमध्ये असं मी फार थोड्यांबद्दल म्हणेन.

निळ्यामध्ये गर्दी आहे. डायमीनची शिमरिंग सीज, जांभळ्याकडे झुकणारा निळा आणि सोनेरी चमकी, वर दाट साचली तर किंचित लालसर शीनही. नाव समुद्राचं दिलंय पण हा समुद्र मी तरी कधी बघितला नाही, अलिबागला तर नाहीच. मला हिचं खरं सौंदर्य दिसलं ते जाड निबने लिहिल्यावर, पैठणीच्या निळ्या पदरात जर चमकते तसं दिसतं ते. निळ्यात सोनं हे जरा उलट वाटतं ना ऐकायला, निळ्यात चंदेरी शोभेल असं वाटतं, पण प्रत्यक्षात सोनेरी जास्त उठून दिसतं कारण रंग एकमेकांपासून लांब आहेत. ब्लू लाइटनिंग याच्या उलट, चटक फिरोजी निळा आणि चंदेरी चमकी. हिच्यात चंदेरी आणि फिरोजी एकमेकांत मिसळून जातात, समोरून बघितलं तर पूर्ण अक्षरावरच धातूचा हात फिरल्याचा भास होतो, कण सुटे दिसत नाहीत. काही लोकांना हेच जास्त आवडतं. मला ती सुट्टीतल्या पत्रांसाठी बरी वाटते, कामाच्या वहीत नको. ब्लू पर्लही चंदेरीच, पण तिच्याबद्दल माझं फार काही मत झालंच नाही, वाईट अजिबात नाही, फक्त या दोघींच्या शेजारी ठेवली की हात तिच्याकडे जात नाही.

हर्बिनची ब्लू ओशन खोल निळी, सोनेरी चमकीची. रंग सुंदर आहे पण शिमरिंग सीज घेतलेली असेल तर हिची गरज नाही, आणि हिच्या किमतीत तिच्यासोबत डायमीनची दुसरी एखादी साधी बाटलीही येऊ शकते. १७९८ या नावाने हर्बिनची अजून एक मालिका आहे, त्यात चमकी चंदेरी असते, किअनाइट द नेपाळ ही फिरोजी त्यातलीच. ब्लू लाइटनिंग आवडली पण ती जरा भडक वाटली अशांनी ही बघावी.

आता शिवोर. एमराल्ड म्हणजे पाचू आणि शिवोर हे कोलंबियातलं पाचूच्या खाणींचं गाव. शाई म्हणाल तर पाचूइतकी हिरवी नाहीच, ती मोरपंखीकडे जाते, हिरवा-निळा, त्यावर लाल शीन आणि शिवाय सोनेरी चमकी. एका शब्दात तीन रंग. जिथे रेघ बारीक तिथे मोरपंखी, जिथे शाई साचली तिथे लाल कड, आणि पान हलवलं की सोनं. ही शाई इतकी का गाजली ते टाकाने एक मोठा अ काढला की कळतं, समजवायची गरज पडत नाही. माझ्या कसोटीवरही ती पास होते, चमकी बाजूला ठेवली तरी मी ही शाई घेतली असती, शीनसाठीच. पण तिची मिजास आहे. साध्या कागदावर शीन गायब होते आणि उरतो एक बरा मोरपंखी रंग. बारीक निबमध्येही तेच. म्हणजे चांगला कागद पाहिजे, जाड निब पाहिजे, पेन वेळच्या वेळी धुवायला पाहिजे, आणि मग ती खूश. बाटली चौकोनी, ५० मिलीची, लाखेच्या शिक्क्याची, टेबलावर ठेवायला देखणी, पण तोंड अरुंद आहे, मोठ्या निबचं जाड पेन त्यात नीट बुडत नाही. सिरिंजने कन्व्हर्टर (पेनात बसणारी शाईची नळी) भरलेला बरा, बाटली अर्धी झाली की दुसरा इलाजही नसतो.

हिरव्यात डायमीनची मॅजिकल फॉरेस्ट आहे, गडद हिरवा आणि चंदेरी. शिवोरची हौस स्वस्तात भागेल म्हणून हिच्याकडे वळणार असाल तर नका वळू, दोघींचा काही संबंध नाही. ही खरीच हिरवी आहे, झाडाची हिरवी, आणि चंदेरी चमकी तिच्यावर दव पडल्याचा परिणाम देते. सही करायला, पाकिटावर नाव लिहायला मस्त. मी हिला दुसऱ्या फळीत पहिली ठेवेन.

नाइट स्काय ही काळ्यात चंदेरी, आणि नुसत्या कल्पनेत सगळ्यात भारी, काळं आकाश, चांदण्या वगैरे. प्रत्यक्षात काळा फार दाट नाही, बारीक निबमध्ये तो गडद करडाच दिसतो, आणि गंमत म्हणजे चांदण्या दिसायला हव्यात तर आकाश मोठं हवं, म्हणजे रेघ जाड हवी. स्टबने लिहिली की नावाला जागते. बारीक निबवाल्यांनी हिच्याऐवजी कोणतीही साधी काळी वापरावी, पैसे वाचतील.

तपकिरी आणि लाल एकत्रच घेते. ब्रँडी डॅझल ही लालसर तपकिरी, सोनेरी चमकीची, आणि इथे मला सोनं थोडं हरवल्याचं वाटतं कारण तपकिरी स्वतःच सोन्याच्या कुळातला रंग, फरक कमी पडतो. पण उन्हात बघा, अख्खं पान तापल्यागत दिसतं. कारूब द शिप्र याच कुळातली पण खूप जास्त गडद, चॉकलेटी, वर हिरवट शीन, आणि गडद असल्यामुळे सोनं नीट सुटून दिसतं. तपकिरी आवडणाऱ्यांनी पैसे साठवून कारूबच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. लालमध्ये रेड लस्टर चांगली लालभडक, सोनेरी चमकीसकट, लग्नाच्या पाकिटांवर अशी शोभते की विचारू नका, कुंकवाचा रंग आणि सोनं आपल्याकडे वेगळं करून दाखवावंच लागत नाही. पण पूर्ण पान लाल शाईत लिहिलेलं वाचायचं म्हणजे वही तपासून परत आली असं वाटतं. रूज हेमाटाइट जरा जुनी, खोल लाल, शीनही आहे, मला ती रेड लस्टरपेक्षा आवडते पण ती हात रंगवते, नखांच्या कडेने बसली की दोन दिवस तिथेच.

पर्पल पझाझ, जांभळ्यात सोनं, ही माझ्या भाचीची. तिने पाहिल्या दिवशी घेतली आणि मग मला परत मिळाली नाही, त्यामुळे तिच्यावर फार लिहिता येत नाही, कॉलेजच्या जर्नलची मुखपृष्ठं तिने सगळी त्यात लिहिली एवढं सांगू शकते.

आणि आता पिवळी. गोल्डन सँड्स, डायमीनचीच, पिवळसर सोनेरी रंगात सोनेरी चमकी. फोटोत ही सगळ्यात जास्त चमकते, बाटली हलवली की आत वितळलेलं सोनं फिरतंय असं दिसतं, आणि त्यामुळेच सगळे हीच घेतात. पण पांढऱ्या कागदावर पिवळी शाई! संध्याकाळच्या दिव्यात वाचताना डोळे बारीक करावे लागतात. आणि सोनेरी कण पिवळ्यावर उठून दिसणार कसे, पाठीमागे काही गडद असेल तर ना. पेलिकनने २०२१ मध्ये एडेलस्टाइन मालिकेत त्या वर्षीची खास शाई म्हणून गोल्डन बेरिल काढली, तीही याच घराण्यातली, रंग थोडा जास्त सोज्वळ, पण वाचायच्या बाबतीत तोच प्रश्न. या दोघी लिहायच्या शाया नाहीत, सजवायच्या आहेत. काळ्या किंवा गडद कागदावर मजा येईल असं वाटत असेल तर तेही नीट होत नाही, कारण खालचा रंग पारदर्शक असतो, कागदात मुरून जातो आणि नुसती चमकी पुसट वर राहते. अक्षराला दुसऱ्या शाईची गडद कड देऊन आत ही भरली, किंवा शुभेच्छापत्रावर टाकाने मोठं दाट अक्षर काढलं, तर मात्र हिच्यासारखी नाही.

इथे एक मुद्दा जो इंग्रजी रिव्ह्यूंमध्ये सापडणार नाही, कारण ते देवनागरी लिहीत नाहीत. सगळीकडे सल्ला असतो की शिमर शाईला स्टब निब वापरा. स्टबने उभ्या रेघा जाड येतात आणि आडव्या बारीक. रोमन अक्षरांना ते छान, पण आपली शिरोरेषा आडवी! म्हणजे स्टबने मराठी लिहिलं की काने चमकतात आणि शिरोरेषा बिचारी केसासारखी, चमकीशिवाय. आर्किटेक्ट म्हणून एक निबचा कट असतो, त्याने उलटं होतं, आडवं जाड आणि उभं बारीक. हा कट घासून देणारे लोक आता भारतातही आहेत. त्या निबने शिमरिंग सीज भरून एक ओळ मराठी लिहिली आणि पान तिरकं केलं, तर अख्खी शिरोरेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पेटत जाते. शब्द लिहून झाल्यावर रेघ एका झटक्यात ओढली तर शाई सलग बसते, अक्षरागणिक तुकडे जोडत गेलात तर प्रत्येक जोडाशी चमकीचा ठिपका साचतो, काहींना तेही आवडेल. मोडी शिकणाऱ्यांना तर अजून सोपं, तिथे रेघ आधीच आखलेली असते. सुलेखनवाले कट निबने किंवा बोरूने लिहितात त्यांना हे सगळं माहीतच असणार, त्यांनी फक्त बोरू दर दोन शब्दांनी बुडवताना दौतीतली शाई ढवळायला विसरू नये, नाहीतर पहिली ओळ साधी आणि शेवटची चमकी-चमकी असं होतं.

पेनाचं आणि धुण्याचं. चमकीला फीडमधल्या, म्हणजे निबेखालच्या शाई पुरवणाऱ्या भागातल्या, बारीक खाचांमधून जायचं असतं, त्यामुळे शाई आठवडाभर आत सुकत ठेवली की ती अडकणार. घरच्या जुन्या, आजोबांच्या वगैरे पेनात घालू नका, विशेषतः जी उघडून साफ करता येत नाहीत किंवा ज्यांची निब जवळजवळ पूर्ण झाकलेली असते अशांमध्ये तर अजिबात नको. लॅमीची निब सेलोटेप चिकटवून पुढे ओढली की निघते, म्हणून ती या कामाला सोयीची. ट्विस्बी इकोसोबत पाना आणि ग्रीस येतं, पूर्ण उघडून धुता येते, शिवाय पारदर्शक, आत चमकी कुठे बसलीय ते दिसतं. आपली देशी एबोनाइटची पेनं याबाबतीत कमी लेखली जातात, फीडच्या खाचा रुंद, शाईचा ओघ सढळ, निब आणि फीड हाताने ओढून काढून जुन्या टूथब्रशने घासता येतात. फक्त आत काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून लिहायच्या आधी दोनदा उलटंसुलटं करायची सवय लावून घ्यावी, आणि शाई तळाला गेली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि टपकन थेंब पडतो, त्याच्या आत भरून घ्यावं.

पेन आडवं ठेवा. निब खाली करून पेनस्टँडमध्ये ठेवलं तर सगळी चमकी फीडमध्ये, निब वर केली तर सगळी मागे आणि पहिलं अर्धं पान साधं. धुताना साधं पाणी, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, रात्रभर भिजत ठेवायचं आणि सकाळी केमिस्टकडे मिळतो तो कान साफ करायचा रबरी बल्ब लावून पाणी मारायचं. गरम पाणी नको, एबोनाइटचा रंग उतरतो. स्पिरिट वगैरे तर मुळीच नको, प्लॅस्टिकला तडे जातात. एवढं करूनही पुढच्या साध्या शाईत एखादा कण चमकतोच, त्याची सवय करा, माझ्या किराण्याच्या यादीत सुद्धा असतो.

आणि हो, दरवेळी कोणीतरी विचारतं की साध्या कॅमलच्या शाईत रांगोळीची चमकी टाकली तर. नका टाकू. ती खूप जाड असते, फीडमध्ये जाणारच नाही, गेली तर बाहेर येणार नाही. टाक वापरणार असाल तर आणि फक्त खेळ म्हणून, अभ्रकाची बारीक पूड कलेच्या सामानाच्या दुकानात मिळते ती चालेल.

लिहिताना अजून दोन गोष्टी. टीपकागद वापरू नका, ओल्या शाईबरोबर चमकीही त्यावरच जाते, वाळू द्या. आणि चेक, फॉर्म, परीक्षा यात या शाया नकोत, पाण्याने पसरतात आणि बँकेतल्या बाईंना सोनेरी सही दाखवून काही मिळत नाही.

घेताना शक्य असेल तर आधी सॅम्पल घ्या, बरेच विक्रेते दोन-तीन मिलीच्या कुप्या देतात, एक पेन भरून होतं आणि तेवढ्यात मत बनतं. सॅम्पल घेताना एक बघा, देणाऱ्याने मूळ बाटली नीट ढवळून मग कुपी भरली होती का. मला एकदा एका ठिकाणाहून जी कुपी आली तिच्यात चमकी नावालाही नव्हती, वरची निवळ शाई ओतून दिली होती, आणि दुसऱ्या कोणाला तरी नुसता गाळ मिळाला असणार. पूर्ण बाटली कुरिअरने मागवत असाल तर झाकणाला टेप आणि वर प्लॅस्टिकची पिशवी लावायला आधीच सांगा, आणि पार्सल आल्याबरोबर बाथरूममध्ये उघडा, पलंगावर नको.

पुढच्या खरेदीत माझ्या यादीत मून डस्ट आहे, जांभळट करडी आणि चंदेरी, सॅम्पलवर तरी छान वाटलीय. जागा करायला गोल्डन सँड्सची जवळजवळ भरलेली बाटली द्यायची आहे, पुण्यात कोणाला हवी असेल तर सांगा, टाकाने पाकिटं लिहिणाऱ्याला आधी.